त्याला आरती पाठ आहे, तरीसुद्धा

(मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्याचा गोषवारा देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही कर्वेनगरला राहतो. मी शाळेत शिक्षिका होते, हे बँकेतून निवृत्त. मुलगी 28 वर्षांची, खराडीला नोकरी करते. धाकटा मुलगा सीए करतोय. सासूबाई 84 वर्षांच्या, आमच्याबरोबरच असतात. मागच्या गणपतीत मुलीच्या ऑफिसची मंडळी आरतीला आली होती. त्यातल्या एका मुलाने ‘लवथवती विक्राळा’ कुठेही न अडखळता म्हटली, मोदक मागून घेतले, जाताना सासूबाईंच्या पाया पडला. आडनाव आपल्याकडचंच. घर श्रीरामपूरला. ‘मुलगा चांगला आहे हो,’ असं हे स्वतः म्हणाले. आता मुलगी म्हणते, मला ह्याच्याशीच लग्न करायचंय, आणि तो रोमन कॅथलिक आहे. दीड वर्ष तिने आम्हाला पत्ता लागू दिला नाही. मला तर फसवल्यासारखं झालं. आमच्या घरी गौरी बसतात, देवीचा कुळाचार म्हणून बोडण असतं, नवरात्राचे नऊ दिवस अखंड दिवा असतो. हे सगळं बुडणार का? आणि ते लोक मुळातले कोण, हेही आम्ही काढलं, त्याने तर आणखीच धक्का बसला. हे म्हणतात, पेपरात नोटीस देऊन संबंध तोडतो. भोरच्या चुलतदिरांनी सुचवलं, मुलीला महिनाभर गावाला आणून ठेवा, डोकं ठिकाणावर येईल. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, आळंदीला नाहीतर आर्य समाजात चटकन उरकून टाका. दोघांना नोंदणी पद्धतीने लग्न करायचंय, पण तिथे म्हणे फोटोसकट नोटीस लावतात आणि मग भलतेच लोक दारात येतात. मुलाच्या आईची इच्छा चर्चची आहे. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. हे म्हणतात, आई आहे तोवर थांबा. धाकट्याचं लग्न पुढे कसं जमायचं? मी रोज देवापाशी बसते, पण मन लागत नाही. काय करू?

– एक आई, कर्वेनगर

स. न. वि. वि.

फसवणुकीपासून सुरुवात करते, कारण पत्रात तीच पुन्हा पुन्हा येते. त्या मुलाने तुमच्या घरी येऊन ‘मी हिंदू आहे’ असं सांगितलं नव्हतं. तुम्हीही विचारलं नव्हतं. आडनाव ऐकलंत, आरती ऐकलीत आणि मनातल्या मनात रकाना भरून मोकळ्या झालात. श्रीरामपुरात वाढलेल्या मुलाला आरत्या येणारच. त्याच्या गल्लीत गणपती बसतो, शाळेत बसतो, मित्राच्या घरी बसतो. तुम्हाला त्याच्या घराची काही कल्पना नाही म्हणून सांगते, श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा भरते. नवस बोललेल्या बायका, पायी आलेली माणसं, खेळण्यांची दुकानं, पाळणे. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं पेटीतबल्यावर म्हणतात. तुम्ही डोळे मिटून बसलात तर कीर्तनाला आल्यासारखं वाटेल. आरती म्हणताना तो मुलगा काही सोंग करत नव्हता. यजमानांच्या घरी जो सूर लागला होता त्यात त्याने सूर मिसळला, आणि पाठ होतं म्हणून नीट मिसळला.

मुलीने मात्र दीड वर्ष लपवलं, हे खरं, आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटणं रास्त आहे. तिला एकदा शांतपणे विचारा, का लपवलंस. पण उत्तर ऐकण्याआधी तुमच्याच पत्राची मधली पानं पुन्हा वाचा. नोटीस, भोर, ‘थांबा’. तिला हे सगळं आधीच दिसत होतं.

आता तुमच्या त्या एका वाक्याबद्दल. ‘ते लोक मुळातले कोण, हेही आम्ही काढलं.’ पुढे तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण लिहायची गरजही नव्हती. एकोणिसाव्या शतकात नगर भागात जी कुटुंबं ख्रिस्ती झाली त्यांतली बरीच महार आणि मांग समाजातली होती. गावच्या पाणवठ्यावर त्यांना जागा नव्हती, देवळात नव्हती, शाळेत नव्हती. मिशनच्या शाळेत ती मिळाली. हे तुम्ही शिक्षिका असल्यामुळे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्याच नगरमध्ये ना. वा. टिळक राहिले. कोकणस्थ ब्राह्मण, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समजा, तुमच्या चौकशीत हा मुलगा टिळकांसारख्या एखाद्या मूळच्या ब्राह्मण घराण्यातला निघाला असता, तर तुमचा आणि यजमानांचा विरोध जरा सैल पडला असता का? हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

कारण उत्तर ‘हो’ असेल, तर तुमच्या मनात चाललेल्या भांडणात दोन वेगळे वादी उभे आहेत आणि तुम्ही दोघांचं वकीलपत्र एकाच नावाने घेतलंय. एक वादी तुमची श्रद्धा आहे. तिची काळजी खरी आहे, तिच्याशी बोलता येतं, मी पुढे बोलणार आहे. दुसरी जात आहे. तिला देवघरात काही काम नाही, पण ती देवघरातून बोलते, म्हणजे कोणी उलट विचारत नाही.

पुण्याला ही सवय जुनी आहे. 1890 च्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं. शहरातले मोठमोठे लोक गेले होते, न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशींनी, आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि मग जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, माजलं ते काही वर्षं पुरलं. शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी, प्रायश्चित्त. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी घेतलं तेव्हा सुधारकांनीच त्यांना धारेवर धरलं. त्या सगळ्या गदारोळात येशूबद्दल, पापपुण्याबद्दल, मोक्षाबद्दल कोणी वाद घातला असं दिसत नाही. वाद एवढाच होता की चहा कोणाच्या हातचा होता.

(याच शहराचा दुसरा चेहराही आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवरावांच्या काळात, 1792 साली, पेशव्यांनी आपल्या पदरच्या ख्रिस्ती शिपायांसाठी दिलेली आहे. पेशव्यांना चाललं ते पुढे शंभर वर्षांनी पेठेतल्या मंडळींना चालेना. असो.)

तर जातीचा भाग बाजूला काढा. मी तो एका परिच्छेदात तुमच्या मनातून काढू शकत नाही, पण तो श्रद्धेच्या पदराखाली झाकून ठेवू नका एवढं नक्की म्हणेन. तो बाजूला काढला की जे उरतं ते तुमचं खरं दुःख आहे. आता त्याच्याकडे वळते.

‘हे सगळं बुडणार का?’ असं विचारलंत. नाही. तुमची मुलगी देशस्थाच्या घरी पडली असती, मराठ्यांच्या घरी पडली असती, अगदी तुमच्याच पोटशाखेत, तुम्ही पसंत केलेल्या मुलाच्या घरी पडली असती, तरी तुमचा कुळाचार तिच्याबरोबर गेला नसता. तिने तिथला कुळधर्म केला असता. तुमच्या बोडणाला ती कुमारिका म्हणून बसायची ते दिवस संपले, आणि ते कुठल्याही लग्नाने संपलेच असते. तुमच्या गौरी तुमच्या आहेत, पुढे चालवायच्या तर त्या धाकट्याच्या घरी, आणि त्याची बायको नोकरीवरून दमून आल्यावर सोळा भाज्यांचा नैवेद्य करेल की नाही याची हमी तुम्हाला आजही नाही. मुलगी गौरीच्या जेवणाला माहेरवाशीण म्हणून येते. माहेरवाशिणीला सासरचा धर्म कोण विचारतं? तुम्ही तिला बोलावणार की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

मन देवापाशी लागत नाही म्हणता. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी काही धर्माधिकारी नाही. पण मला असं दिसतं की तुम्ही देवाकडे रोज एकच मागणं मागताय, हे लग्न होऊ नये. ते मागणं थोडे दिवस बाजूला ठेवून बसून बघा.

आता व्यवहाराचं. यात चुका झाल्या तर निस्तरायला फार जड जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

सोसायटीतल्या गृहस्थांचा सल्ला अजिबात ऐकू नका. हिंदू विवाह कायदा, 1955 चा, वर आणि वधू दोघेही हिंदू असले तरच लागू होतो. बौद्ध, जैन, शीख त्यात येतात. ख्रिस्ती येत नाहीत. मंगलाष्टकं म्हटली, सप्तपदी झाली, हजार माणसं जेवली, पण मुलगा ख्रिस्तीच राहिला, तर त्या कायद्याखाली ते लग्न लग्नच नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. आणि आर्य समाजात लावायचं तर आधी मुलाची ‘शुद्धी’. म्हणजे ज्या धर्मांतराची तुम्हाला तुमच्या मुलीच्या बाबतीत धास्ती आहे, तेच तुम्ही दुसऱ्या आईच्या मुलाकडून मागच्या दाराने मागताय. तेही चटकन उरकून! एका सहीने आपलं काम होतंय म्हणून कोणाला देव बदलायला लावू नये, ना त्याला ना हिला.

मुलांनी निवडलेला रस्ता सगळ्यात सरळ आहे. विशेष विवाह कायदा, 1954. दोघांपैकी एकाचं तरी पुणे जिल्ह्यात नोटिशीआधी किमान 30 दिवस वास्तव्य हवं, ते आहेच. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते. मुलाचा कायमचा पत्ता श्रीरामपूरचा असेल तर तिची प्रत अहिल्यानगरच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते, हे त्याच्या घरच्यांना आधी माहीत असलेलं बरं. 30 दिवसांत कोणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. पण हरकत कशावर? दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात आहे का, वय पूर्ण आहे का (मुलीचं 18, मुलाचं 21), संमती देण्याइतकी मानसिक स्थिती आहे का, निषिद्ध नात्यातले आहेत का. एवढंच. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत कायद्यात नाही. तुमचीही नाही, भोरच्या दिरांचीही नाही, आणि नोटीस वाचून दारात येणाऱ्या कोणाचीही नाही. खोटीनाटी हरकत घेतली तर घेणाऱ्यावर खर्च बसू शकतो. महिना उलटला की नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लावायचं. तीन महिने टळले तर नोटीस पुन्हा.

त्या तीन साक्षीदारांत एक सही तुमची असावी असं मला वाटतं. पण ते पुढचं पुढे.

भलतेच लोक दारात येतात ही भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. असे प्रकार घडतात. पण बाहेरचा माणूस घरात शिरतो तो बहुतेक वेळा घरातल्याच कोणीतरी दार किलकिलं केलेलं असतं म्हणून. काका, मामा, सोसायटीतले हितचिंतक. कोणी ‘आमची माणसं मुलीला समजावतील’ म्हणून पुढे आलं तर त्यांना पाणी द्या, नमस्कार करा आणि आमचं आम्ही बघतो म्हणून सांगा. आई आणि वडील दोघांनी एका सुरात हे सांगितलं की माणसं परत येत नाहीत. आलीच तर 112 नंबर आहे.

आणि भोर. हे मी तुम्हाला दरडावून सांगतेय असं समजा. 28 वर्षांच्या बाईला तिच्या मनाविरुद्ध कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. आई-वडिलांनी केला तरी गुन्हाच. दिरांच्या मनात वाईट नसेल, पण ही सूचना घरात पुन्हा कोणी उच्चारू नये. मुलीच्या कानावर ती गेलेली नसेल तर जाऊही देऊ नका. गेली असेल तर आजच्या आज तिला सांगा की असलं काही होणार नाही, आणि हे सांगताना यजमान तिथे हजर असू द्या.

पेपरातल्या नोटिशीचं थोडक्यात. ‘आमचा तिच्याशी काही संबंध उरलेला नाही’ असल्या जाहीर नोटिसा आपण सगळे वाचतो. त्याने छापणाऱ्याचे पैसे जातात. मुलगी कायद्याने मुलगीच राहते. यजमानांना स्वकष्टाची मिळकत मृत्युपत्राने कोणालाही देता येते, त्यासाठी पेपर लागत नाही. मृत्युपत्र केलं नाही तर ती मुलाइतकीच वारस आहे, नवरा कोणत्याही धर्माचा असो. वडिलोपार्जित काही असेल तर या लग्नानंतर ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा मानतो, पण तिचा हिस्सा बुडत नाही. आणि तिच्या स्वतःच्या मिळकतीला पुढे भारतीय वारसा कायदा, 1925 चा, लागेल. भोरला जमीन असेल तर यावर एखाद्या वकिलाकडे तासभर बसा, म्हणजे नंतर भावाबहिणीत नको ते वाद होणार नाहीत. नोटीस देण्याने एकच गोष्ट नक्की होईल. मुलीच्या फोनमध्ये त्या नोटिशीचा फोटो कायमचा राहील.

मुलाच्या आईची चर्चची इच्छा. इथे तुम्ही दचकलात, पण माहिती पुरी घेतली नाहीत. चर्चमध्ये लग्न लावण्यासाठी तुमच्या मुलीला ख्रिस्ती व्हावं लागत नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं, आणि कॅथलिक चर्चमध्ये बिशपांच्या परवानगीने असं लग्न लागतं. लग्नाआधी दोघांना तयारीच्या वर्गाला बसावं लागतं. मात्र एक गोष्ट त्या परवानगीला चिकटलेली आहे आणि ती तुमच्या मुलीने लग्नाआधी नीट ऐकायला हवी. मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांना कॅथलिक म्हणून वाढवावं यासाठी मी माझ्या परीने सगळं करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराकडून घेतलं जातं. तिच्याकडून वचन घेत नाहीत, पण त्याने ते दिलंय याची तिला कल्पना देतात.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. लग्न कोणत्या पद्धतीचं, हा एका दिवसाचा प्रश्न. मुलं कशी वाढवायची, हा वीस वर्षांचा. प्रेमात असलेली माणसं याला ‘दोन्ही शिकवू’ असं उत्तर देतात. दोन्ही शिकवणं होतं, पण ते आपोआप होत नाही. बाळाचं बारसं की बाप्तिस्मा, की दोन्ही? मुंज मुलीच्या मनात आहे का? शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय? रविवारी सकाळी मूल कुठे असेल? आजारी पडलं की आजी अंगारा लावेल, ते चालेल का, आणि तिकडची आजी गळ्यात क्रूस घालेल, ते? घरात देवघर असेल का, आणि असलं तर दिवा कोण लावेल? मी असली काही घरं पाहिली आहेत. ज्यांनी हे आधी बोलून घेतलं त्यांची भांडणं पगारावरून आणि सासूवरून होतात, म्हणजे चारचौघांसारखीच. ज्यांनी नाही बोलून घेतलं त्यांची पहिल्या बाळाच्या सहाव्या महिन्यात होतात.

हे प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. लग्न करायचं की नाही हे ठरवण्याचा नाही, तो तिचा आहे. पण तू हे विचारलंस का, त्याने काय सांगितलं, तुला स्वतःला काय हवंय, हे आई विचारू शकते. आत्ता तुम्ही ‘हे लग्न होणार नाही’ या एका वाक्यावर अडून बसल्यामुळे तुमच्या मुलीला त्या मुलाची बाजू लढवण्याशिवाय काही करताच येत नाही. तिच्या स्वतःच्या मनात ज्या शंका असतील, आणि असणारच, त्या ती कोणाजवळ बोलणार? तुमच्याजवळ बोलली तर तुम्ही त्याच शंकेची काठी करणार. तुम्ही आडवं येणं थांबवलंत की तिला उभं राहून नीट बघता येईल. बघून ती कदाचित याच मुलाशी लग्न करील. बहुधा करीलच. पण डोळे उघडे ठेवून करील.

एक सुचवते. दोघांना एका रविवारी जेवायला बोलवा. यजमान नाही म्हणाले तर पहिल्या वेळी तुम्ही एकटीने भेटा, बाहेर, एखाद्या हॉटेलात. वरचे प्रश्न तुमच्या शब्दांत विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे मागू नका. मुलाला हेही विचारा की त्याच्या घरी काय चाललंय. श्रीरामपूरलाही एक आई असेल आणि तिचीही झोप उडालेली असेल. आपला मुलगा हिंदू घरात जाऊन देव सोडेल, नातवंडं चर्चला येणार नाहीत, नातेवाईक काय म्हणतील. नावं बदलली तर कदाचित तुमचंच पत्र होईल ते.

सासूबाई. ‘आई आहे तोवर थांबा’ या वाक्याचा अर्थ यजमानांना कळलाय का? दोन तरुण माणसांनी एका म्हातारीच्या मरणाची वाट बघत संसार थांबवायचा. 84 वर्षांच्या तुमच्या सासूबाई उद्या शंभर होवोत. त्यांना सांगा. मी असं म्हणत नाही की त्या नातीला जवळ घेऊन आशीर्वाद देतील. तसं होतं ते बहुतेक मालिकांमध्ये. त्या रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, माझ्या नशिबी हेच बघायचं होतं का म्हणतील, लग्नाला येणारही नाहीत कदाचित. तो त्यांचा हक्क आहे. पण त्या या घरातल्या सगळ्यात मोठ्या आहेत, त्यांना फुलदाणीसारखं कपाटात जपून ठेवण्यात मान नाही. ज्या मुलाने वाकून नमस्कार केला तो कोण, हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल. मुलीने स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसावं.

धाकट्याच्या लग्नाचं विचारलंत. बहिणीच्या नवऱ्याचा धर्म ऐकून जे स्थळ परत जाईल ते जाऊ द्या. एखाददुसरं जाईलही. त्याचं सीए अजून व्हायचंय, आत्तापासून त्याच्या वरातीची काळजी कशाला? उलट या सगळ्यात त्याचं स्वतःचं मत काय आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्याला विचारलंत का?

सोसायटीत बोलतील. चार आठवडे बोलतील, मग पार्किंगवरून कोणाचं तरी वाजेल आणि विषय बदलेल. तुम्ही लपवत राहिलात तर मात्र वर्षभर पुरवून पुरवून बोलतील. महिला मंडळात एकदा स्वतःच्या तोंडाने सांगून टाका, मुलीचं ठरलंय, जावई ख्रिस्ती आहे, श्रीरामपूरचा आहे. पुढे काही जोडू नका. ‘पण मुलगा फार चांगला आहे हो’ हे तर मुळीच नको. त्या ‘पण’मध्ये तुमची माफी दिसते, आणि माफी मागण्यासारखं तुमच्या घरात काही घडलेलं नाही.

यजमानांना एकदम वळवायला जाऊ नका. ते रागात बोलतायत, पण ‘मुलगा चांगला आहे’ हे त्यांनीच म्हटलं होतं, धर्म कळायच्या आधी. त्यांना त्याची आठवण करून देऊ नका, त्यांना आठवत असणारच. मुलाबद्दल काही विचारायचं असेल तर त्यांना सरळ विचारू द्या, पगार, कर्ज, वाघोलीच्या भाड्याच्या घराचं काय. बापांना आकड्यांतून बोलणं सोपं जातं. तिथून सुरुवात झाली तरी पुरे.

पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच्या आईला बोलवावं असं मुलगी म्हणते. बोलवू का? त्यांच्यात चालतं का?’ बोलवा. बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत लग्नात हळद लागते, हिरवा चुडा भरतात, काही बायका मंगळसूत्रही घालतात. कुंकू मात्र सगळ्या लावत नाहीत. करंडा पुढे करण्याआधी ‘लावू का?’ असं विचारा आणि त्या नको म्हणाल्या तर तिळगूळ, वाण द्या आणि बसवून घ्या. श्रीरामपूरहून येणार, म्हणजे संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. जेवूनच पाठवा.